हंगामी आप्पा

ॲरिझोनाच्या वाळवंटात क्वार्ट्झसाइट नावाचं एक गाव आहे. कायमची वस्ती अडीच हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे ज्या गावाला एसटीचा विनंती थांबा मिळतो तेवढी. पण थंडी सुरू झाली की कॅनडातून आणि अमेरिकेच्या उत्तरेकडून निवृत्त माणसांची तिथे रीघ लागते. पुढे दणकट गाडी, मागे तिला जोडलेलं चाकांचं घर, आणि घरात पलंग, शेगडी, फ्रीज, संडास असं सगळं. गावाबाहेरच्या सरकारी माळावर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल अशा सात महिन्यांच्या मुक्कामाचं भाडं कित्येक वर्षं १८० डॉलर होतं. तेवढं भरायचं, घर उभं करायचं, दारापुढे कापडी मांडव ताणायचा, दोन खुर्च्या टाकायच्या, की मांडला संसार. यांना तिकडे स्नोबर्ड म्हणतात. त्यांचे व्हिडिओ आपल्याकडचे निवृत्त लोक दुपारच्या जेवणानंतर मोबाइलवर बघतात आणि उसासा टाकतात, "म्हातारपण असावं तर असं! आपल्याकडे नाही बुवा हे." माझं म्हणणं असं की हे आपल्याकडे आहे. जळगाव-धुळ्याकडे तर ते इतकं मुरलेलं आहे की करणाऱ्याला आपण काही करतोय याचा पत्ताही नसतो. उसासा टाकणाऱ्या या गृहस्थाला आपण आप्पा म्हणू. खान्देशात तो आप्पा, नाना, बापू किंवा जिभाऊ यांपैकी कोणीतरी असणारच. हा आप्पा स्वतःच अव्वल दर्जाचा हंगामी पक्षी आहे, आणि माझ्या मते ॲरिझोनावाल्यापेक्षा काकणभर सरस आहे.

आधी हवामानाचा हिशेब मांडू. कॅनडाचा माणूस थंडीला भिऊन पळतो, आप्पा उन्हाला. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो, सकाळी अकराला रस्ते ओस पडतात, आणि कूलरमध्ये बादलीनं पाणी ओतणं हा घरातला पूर्णवेळ उद्योग होऊन बसतो. म्हणजे खान्देश हे पळून जाण्याचं ठिकाण झालं, असं वरवर वाटतं. पण वर्षाची दुसरी बाजू बघा. जानेवारीत क्वार्ट्झसाइटचा दुपारचा पारा विशीच्या आसपास घुटमळतो, जळगावचा तिशीला टेकतो. ज्या उबेसाठी कॅनडातला निवृत्त मास्तर हजारो किलोमीटर गाडी हाकतो, ती उबदार दुपार महाबळ कॉलनीच्या अंगणात फुकट पडलेली असते. इथे कोणी म्हणेल, धुळ्याची थंडी विसरलात वाटतं! पेपरात दर डिसेंबरला 'धुळ्यात पारा सहा अंशांवर' असा मथळा येतोच. येतो, खरं आहे. पण तो सहाचा आकडा पहाटेचा असतो, आणि पहाटे आप्पा गोधडीत असतात. त्या आकड्याशी त्यांचा संबंध पेपर वाचण्यापुरता, आणि तो पेपर ते साडेनऊला उन्हाकडे पाठ करून वाचतात. थंडीची बातमी उन्हात बसून वाचायची, याच सुखासाठी फ्लोरिडात लोक पैसे मोजतात. शिवाय माझ्या बाजूनं खऱ्या पक्ष्यांची साक्ष आहे. भुसावळजवळ तापीवरच्या हतनूरच्या जलाशयावर दर हिवाळ्यात उत्तरेकडून चक्रवाक आणि इतर बदकं येतात, आणि ऊन तापायला लागलं की परत जातात. आप्पांचा मुक्कामही साधारण तेवढाच. चक्रवाकाला फक्त मधेच ट्रेझरीत जावं लागत नाही.

आप्पांचा हंगाम पंचांगानं बांधलेला आहे, आणि त्यात हवामान खात्याचं काही चालत नाही. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाल्याशिवाय खान्देशातून हलता येत नाही. पितरांची घागर भरायची असते, लेकी माहेरी आलेल्या असतात, आमरस आणि खापरावरची पुरणपोळी व्हायची असते. त्याच्या आधी बिबडे, कुरडया आणि पापड गच्चीवर वाळवून व्हायला हवेत. म्हणजे ज्या उन्हाच्या भीतीनं गाव सोडायचं, त्याच उन्हाकडून आधी वर्षाचं काम करून घ्यायचं. हा व्यवहारीपणा ॲरिझोनावाल्याकडे नाही, तो बर्फाकडून काहीच करून न घेता पळतो. आखाजी उरकली की मंडळी निघतात. जळगाव-भुसावळची बहुधा पुण्याला, त्यातही पिंपरी-चिंचवडला. धुळे-नंदुरबारच्या कित्येकांना सुरत जवळची, कारण उधना-लिंबायतमध्ये अर्धा खान्देश आधीच राहायला गेलेला आहे. श्रावणात कानबाईच्या सणासाठी एक धावती फेरी होते, कारण रोट भाऊबंदांतच खायचे असतात आणि ते कुरियरनं पाठवण्याची कल्पना अजून कोणाला सुचलेली नाही. मग दिवाळीला मुलगा-सून-नातवंडांसह सगळा कबिला गावी येतो, आणि भाऊबीजेनंतर खरा डाव पडतो. मुलाची रजा संपते, तो बॅगा भरतो, आणि आप्पा म्हणतात, "तुम्ही व्हा पुढे. माझं बँकेत जरासं काम आहे, ते आटोपलं की येतोच." हे जरासं काम जळगावचा रथोत्सव, चंपाषष्ठी, सारंगखेड्याची यात्रा, संक्रांत आणि होळी ओलांडून पुढच्या आखाजीपर्यंत चालतं.

स्थलांतर करतोय हे कोणीच कबूल करत नाही, हा माझ्या सिद्धांतावरचा मोठा आक्षेप ठरू शकतो. आप्पांना विचारा, ते सांगतील, "छे हो, आम्ही इथलेच. मुलाकडे चार दिवस जाऊन येतो फक्त." अशा वेळी माणसाच्या बोलण्यावर जाऊ नये, सामानावर जावं. चार दिवसांच्या पाहुण्याबरोबर शेंगदाणा तेलाचा पंधरा किलोचा डबा जात नाही. कळण्याचं पीठ, बट्टीचं जाडसर पीठ, तुरीची डाळ, उडीद, काळा मसाला, बिबड्यांचा डबा, आजीचं गुडघ्याचं तेल आणि बीपीच्या गोळ्यांचा तीन महिन्यांचा साठा, एवढं घेऊन निघालेल्या माणसाला पाहुणा म्हणणं म्हणजे पाहुणा या प्रकारावर अन्याय आहे. ट्रॅव्हल्सच्या डिकीत हे सगळं चढवताना क्लीनरसुद्धा ओळखतो की ही बिऱ्हाडाची हलवाहलव आहे. घर सोडतानाचे विधीही तसेच. फ्रीज रिकामा करून दार उघडं ठेवायचं, गॅसचा रेग्युलेटर काढायचा, मेन स्विच पाडायचं, पेपरवाल्याला आणि दूधवाल्याला सांगायचं, तुळस शेजारी द्यायची आणि किल्लीही शेजारीच द्यायची, वर बजावायचं, "येतोच चार दिवसांत." शेजारी हो म्हणतो आणि किल्ली दिवाळीपर्यंत कुठे ठेवायची याचा विचार करतो. परत आल्यावर धुळ्याच्या देवपुरात कोणीही विचारतं, "कव्हय उनात, आप्पा?" परत कधी जाणार, हे मात्र कोणी विचारत नाही. हंगामी माणसाशी बोलण्याची ही रीत गल्लीत आपोआप रुजलेली आहे, आणि रीत तेव्हाच रुजते जेव्हा गोष्ट दरवर्षी घडते.

आता त्या बँकेच्या कामाकडे वळू, कारण माझ्या युक्तिवादाचा पाया तिथे आहे. जगातल्या प्रत्येक हंगामी पक्ष्याला कागदाचा दोरा बांधलेला असतो. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताचा नियम असा की कोणत्याही बारा महिन्यांत २१२ दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर सरकारी आरोग्य योजनेवर पाणी सोडावं लागू शकतं. म्हणून तिथली म्हातारी माणसं फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर बसून दिवस मोजतात. आपल्याकडे तो दोरा म्हणजे हयातीचा दाखला. राज्य सरकारच्या निवृत्तांनी दर नोव्हेंबरमध्ये बँकेत जाऊन यादीत आपल्या नावापुढे सही करायची, की मी आहे. खान्देशात अशा सह्यांना तोटा नाही. जिल्हा परिषदेचे शिक्षक, महसूलचे कारकून, दीपनगरच्या वीज केंद्रातले लोक, भुसावळचे रेल्वेवाले, वरणगावच्या आयुध कारखान्यातले कामगार, प्रत्येकाची पेन्शन वेगळी आणि दाखला वेगळा, पण जिवंत असल्याचं पटवून द्यायचं सगळ्यांनाच. नोव्हेंबरमध्ये घरी परतायला यापेक्षा सरकारी कारण दुसरं असू शकत नाही. मुलगा त्यापुढे काय बोलणार? वडिलांनी जिवंत असल्याचं सिद्ध करू नये, असं कोणता मुलगा म्हणेल?

यावर चिकित्सक वाचक म्हणेल, मग हे स्थलांतर कुठलं, ही तर सरकारी सक्ती झाली. उत्तर सोपं आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये 'जीवन प्रमाण' नावाची डिजिटल सोय सुरू झाली. आधार, अंगठा आणि पुढे पुढे तर नुसता मोबाइलसमोर चेहरा दाखवला की दाखला तयार. पुण्यातल्या सोफ्यावर बसून पाच मिनिटांत जिवंत होता येतं. सक्तीमुळेच लोक परतत असते, तर ही सोय आल्यावर नोव्हेंबरचा ओघ आटला असता. तो आटलेला नाही. आप्पा मोबाइलवर वीजबिल भरतात, नातवाला पैसे पाठवतात, सकाळी सहाला पन्नास जणांना सुप्रभात पाठवतात. फक्त हयातीच्या दाखल्याच्या बाबतीत त्यांचा तंत्रज्ञानावर विश्वास नाही. "अंगठा उठत नाही माझा," ते म्हणतात, आणि आयुष्यभर शाईच्या पॅडवर लोकांचे अंगठे उठवून घेतलेला माणूस हे म्हणतोय म्हटल्यावर मुलगा गप्प बसतो. कारण गेलं तरी कृती टिकली, म्हणजे कारण मुळात दुसरंच होतं.

ते दुसरं कारण हिरवं असतं आणि कपाशीच्या काड्यांवर भाजलं जातं. जळगावच्या भरताच्या वांग्यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण बामणोद-आसोद्याच्या वांग्यांना मानांकनाची वाट बघावी लागली असं खान्देशात कोणी मानत नाही. चातुर्मासात वांगं वर्ज्य. चंपाषष्ठी आली की मोकळीक. त्यानंतर शेताशेतांवर भरीत पार्ट्यांचा जो धडाका सुरू होतो, तो बघितला की आप्पांच्या वेळापत्रकाचा उलगडा होतो. काड्यांचा जाळ, त्यात काळी ठिक्कर पडलेली वांगी, लाकडी बडगीत मिरची-लसणासह ठेचलेला गर, वरून कांद्याची पात, शेंगदाणे आणि तेलाची मनमोकळी धार, सोबत पुऱ्या नाहीतर कळण्याची भाकरी. ट्रेलर पार्कमध्ये शनिवारी संध्याकाळी प्रत्येकानं आपापला पदार्थ आणून एकत्र जेवण्याची पद्धत असते, आणि तिचं तिकडे फार कौतुक होतं. मला ती भरीत पार्टीपुढे केविलवाणी वाटते, कारण तिथे कोणी सकाळपासून जाळाशी बसून वांगी फिरवत नाही, आणि मीठ कमी पडल्याबद्दल तीन तास वादही घालत नाही. हे पुण्यात करता येत नाही का? पिंपरी-चिंचवडला आता वांगी जातात, भरीत पार्ट्याही होतात. पण सोसायटीच्या गच्चीवर काड्या पेटवल्या की आधी सुरक्षारक्षक येतो, मग सचिव येतो, आणि शेवटी वांगी गॅसवर भाजली जातात. त्या भरताला खान्देशी माणूस भरीत म्हणतो, पण आवाज उतरलेला असतो.

माणसांचंही तसंच. अमेरिकेत ५५ वर्षांवरच्यांसाठी राखीव वसाहती असतात, आणि त्यासाठी त्यांना १९९५ मध्ये कायदा करावा लागला. जळगावच्या शिक्षकांच्या नाहीतर बँकवाल्यांच्या एखाद्या कॉलनीत डिसेंबरमध्ये चक्कर मारा. कायदा न करता हेच साधलेलं दिसेल, कारण पंचावन्नच्या आतलं माणूस तिथे उरलेलंच नाही. सगळी तरुणाई हिंजवडीत. सकाळी मेहरूण तलावाकाठी कानटोप्यांची मिरवणूक, साडेनऊला ऊन, अकराला बँक, दुपारी झोप, संध्याकाळी ओट्यावर सातव्या वेतन आयोगाच्या फरकाची चर्चा. ॲरिझोनात संध्याकाळी खुर्च्या टाकून लोक गॅलनला किती मैल पडले ते बोलतात. विषय वेगळा, गोडी तीच.

आता चाकांचा प्रश्न. स्नोबर्डची ओळखच त्याच्या चाकांवरच्या घरावरून होते, आणि आप्पांकडे चाकं कुठे आहेत, असा आक्षेप कोणीही घेईल. आहेत की! लालपरीला सहा आहेत. राज्याच्या हद्दीत ६५ पासून ७५ पर्यंत अर्धं तिकीट, आणि ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. मार्च २०२३ पासून बायकांना वय काहीही असो, अर्धं तिकीट. रेल्वेनं मात्र मार्च २०२० मध्ये ज्येष्ठांची सवलत काढून घेतली ती अजून परत केलेली नाही, त्यामुळे पंचाहत्तरीचा मुहूर्त आता साठीपेक्षा जास्त आतुरतेनं पाहिला जातो. भुसावळचे रेल्वेवाले तेवढे निवृत्तीनंतरच्या पासावर अजून ऐटीत हिंडतात, आणि त्यांच्या घरी सून शोधताना मुलीकडचे लोक पासाची चौकशी करतात असं म्हणतात. तिकडे ट्रेलर ओढायला गाडी घ्या, तिचं तेल भरा, विमा उतरवा, टायर बघा, उतारावर ब्रेक लागेल की नाही याची काळजी करा. आप्पांचं वाहन सरकार चालवतं, सरकार दुरुस्त करतं, आणि बंद पडलं तर ढकलायला बाकीचे चाळीस प्रवासी असतात. काटकसर हा निकष लावला तर ॲरिझोनावाला पहिल्याच फेरीत बाद होतो.

राहता राहिला आतला संसार. ट्रेलरच्या जीवनाचं तत्त्वज्ञान असं सांगतात की जागा थोडी, म्हणून प्रत्येक वस्तूनं दोन कामं करायची. जेवणाचं टेबल रात्री पलंग होतं, पायरीच्या आत बूट राहतात. पुण्यातल्या टू बीएचकेच्या हॉलमध्ये आप्पा मे ते ऑक्टोबर नेमके असेच राहतात. दिवाण दिवसा बैठक, रात्री पलंग. दिवाणाच्या पोटात तेलाचा डबा. टीव्ही बंद होईपर्यंत झोपता येत नाही आणि दूधवाला आला की उठावंच लागतं. पाण्याचं तर विचारूच नका. ट्रेलरला तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची, एक सांडपाण्याची आणि तिसरी सभ्य लोक जिच्याबद्दल कमी बोलतात ती. ट्रेलरवाल्याचं अर्धं आयुष्य या टाक्यांच्या काट्यांवर नजर ठेवण्यात जातं, आणि नवख्याला ते शिकायला एक हंगाम लागतो. धुळे-भुसावळच्या माणसाला हे शिकवायची गरज नाही. नळाला एकदा पाणी येऊन गेलं की पुन्हा कधी येईल हे व्हॉल्व्हमनशिवाय कोणाला ठाऊक नसतं, अशा गावात ज्यानं संसार केला, तो सिंटेक्सच्या टाकीवर बोटानं टकटक करून आत किती पाणी आहे ते सांगतो. पुण्यात तो सुनेच्या मागे फिरून नळ बंद करत असतो. सुनेला हा स्वभावदोष वाटतो, पण तिकडे वाळवंटात याच गुणावर माणूस टोळीचा पुढारी झाला असता.

आणखी एक आक्षेप बायका घेतील, आणि तो रास्त आहे. हे स्थलांतर वगैरे पुरुषांच्या गप्पा, प्रत्यक्षात आजीला जून लागला की शाळेच्या व्हॅनशी नातवंडाला घ्यायला उभं राहायला नेतात. खरं आहे, नेतात. पण नातवंडं जानेवारीतही शाळेत जातातच, तेव्हा कोण उभं राहतं? बहुतेक घरांत तेव्हा दुसरे आजी-आजोबा असतात. व्याही सातारा-कोल्हापूरकडचे असले तर हे फार सुरळीत चालतं, पावसाळ्यात खान्देश पहाऱ्यावर आणि हिवाळ्यात ते. पंचाईत होते ती सूनही खान्देशातलीच असेल तर. मग डिसेंबरमध्ये दोन्हीकडच्यांचं बँकेत जरासं काम निघतं, आणि पोर पाळणाघरात जातं. या सगळ्या वेळापत्रकाची सूत्रं आजीच्याच हातात असतात. आप्पा दाखल्याचं निमित्त पुढे करतात, पण तारीख ती ठरवते, कारण हिवाळ्याचे सहा महिने तिला स्वतःचा ओटा, स्वतःची चूल आणि ओळखीची गिरणी मिळते. पुण्यातल्या गिरणीत कळणं दळायला दिलं की आधी ते काय असतं ते समजावून सांगावं लागतं, आणि मग गहू दळून झालेल्या जात्यातच ते दळून मिळतं. कामं दोन्हीकडे आहेतच, हे कबूल. फरक एवढाच की इथे वरणात तेल किती घालायचं यावर कोणी कोलेस्टेरॉल काढत नाही.

आणखी एका आक्षेपाला मात्र मी विनोदानं उत्तर देणार नाही. हंगाम पाहून बिऱ्हाड हलवणारे खरे लोक या भागात वेगळेच आहेत. साक्री तालुक्यातले ठेलारी धनगर घोड्यांच्या पाठीवर संसार लादून मेंढ्यांमागे चालू पडतात, शेतकऱ्यांच्या शेतात मेंढ्या बसवत फिरतात आणि पावसाळ्याला परत येतात. चाळीसगावकडून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, कारखान्याच्या परिसरात कोपी बांधून सहा महिने काढतात. सहा महिन्यांचा मुक्काम, तात्पुरतं घर आणि चाकांची गाडी, ही सगळी लक्षणं त्यांना आप्पांपेक्षा जास्त लागू पडतात. त्यांना कोणी पक्षी म्हणत नाही. महिन्याच्या पहिल्या तारखेला खात्यात पैसे जमा होत असतील तरच त्या भटकण्याला जीवनशैली म्हणतात. अमेरिकेतही हे अंतर आहे. पेन्शन पुरत नाही म्हणून गाडीत राहून हंगामी कामं करत फिरणाऱ्या म्हाताऱ्यांवर जेसिका ब्रुडर यांनी २०१७ मध्ये 'नोमॅडलँड' नावाचं पुस्तक लिहिलं, आणि त्यावरच्या सिनेमाला पुढे ऑस्कर मिळालं. तेव्हा आप्पा सरस आहेत असं मी म्हणतो ते पेन्शनवाल्यांच्या स्पर्धेपुरतंच.

त्या स्पर्धेत महाराष्ट्र सरकारनंही उडी घेतलेली आहे. २०२१ मध्ये राज्यानं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, म्हणजे झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली गाडी घ्यायची आणि निसर्गात जाऊन मुक्काम करायचा. धोरण उत्तम आहे. पण एखाद्या व्यापाऱ्यानं ते वाचून जळगावात अशा गाड्यांचं दुकान टाकायचं ठरवलं तर त्याला माझा सल्ला आहे की आधी एक फेरी मारून बघ. चाकांवरच्या या घराची सगळी कल्पनाच अशी की जिथे आपल्याला कोणी ओळखत नाही तिथे जाऊन राहायचं. आप्पा हिवाळ्यात परततात ते नेमकं उलट कारणासाठी. समजा त्यांनी हौसेनं गाडी घेतली आणि जळगावहून धुळ्याला निघाले. अंतर नव्वदेक किलोमीटर, राष्ट्रीय महामार्ग ५३, दोन तासांचं काम. पाळधीला चहाला थांबले की टपरीवर बरोबर नोकरी केलेला माणूस भेटणार. "आमचं घर इथं असताना तुम्ही गाडीत झोपणार?" हा प्रश्न नसतो, ठपका असतो, आणि त्यावर अपील नसतं. रात्र पाळधीला. दुसऱ्या दिवशी एरंडोलला आजीच्या मावसबहिणीची सून रस्त्यात उभी, कारण पाळधीहून फोन गेलेला. तिथे शेवभाजी आणि दोन दिवस. पारोळ्याला व्याही, म्हणजे मानपानासह चार दिवस, आणि निघताना आहेर. आठवड्यानंतर गाडी देवपुरात पोचेल. तिच्यातल्या पलंगावर तोवर कोणी पाठही टेकलेली नसेल, कारण प्रत्येक गावानं वाटेत दिलेला शेतमाल ठेवायला दुसरी जागा नव्हती. पलंगावर दादर ज्वारीची पोती, संडासात वांगी, आणि शेगडीचं प्लास्टिक अजून काढायचंय.